घुबडाची माफी

माझ्या मामाला त्याचे मित्र घुबड म्हणतात आणि त्याला ते आवडतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचताना वाटायचं, काय भाची आहे, सख्ख्या मामाची टिंगल करत बसलीय. दिसायला तो घुबडासारखा अजिबात नाही. बारीक आहे, मान लांब, आणि बोलतो इतकं हळू की मामी म्हणते, तुमचं एक वाक्य संपेपर्यंत माझी भाजी चिरून होते. घुबड हे नाव पडलं एका व्हिडिओ गेमच्या कंपनीवरून. सगळी गोष्ट त्या कंपनीचीच आहे, पण आधी मामा.

मामा कवळ्या करतो. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, मामा त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो, गुलाबी मेणात एकेक दात बसवतो, मग तो जबडा लोखंडी बिजागरीवर उघडून मिटून बघतो, चावताना कुठे अडतंय का. ज्याच्या तोंडात कवळी जाणार तो माणूस मामाने कधी बघितलेला नसतो. आणि त्या माणसानेही मामाला. कॉलेजसाठी मी मामाकडे राहायला आले तेव्हा पहिल्या दिवशी त्याच्या लॅबमध्ये गेले आणि फळीवर ओळीने ठेवलेले जबडे बघून किंचाळले, तर तो म्हणाला, "घाबरू नको, ते जेवून बसलेत."

लॅबच्या मागे एक खोली आहे. तिथे एक पेटीसारखा जुना टीव्ही, त्याला जोडलेला जुना गेम, दोन रिमोट, ज्यातल्या एकाचं बटण मामाने दाताच्याच मसाल्याने नवीन करून बसवलंय, आणि एका खोक्यात कॅसेटी. दर रविवारी सकाळी इथे तिघं जमतात. मामा, मास्तर आणि चष्मेवाली. मास्तर म्हणजे शाळेतला नाही, गाडी शिकवणारा. चष्मेवालीचं चौकात चष्म्याचं दुकान आहे. तिघं एका वर्गात होते, आणि तेव्हापासून एकच भांडण चाललंय. जुने गेम करणाऱ्या कंपन्यांत मोठं कोण, घुबड की पंखा.

म्हणजे असं, की त्या कॅसेटींवरची लिपी यांना लहानपणी वाचता यायची नाही. कोपऱ्यात कंपनीचं चित्र असायचं, त्यावरून यांनीच नावं ठेवली. मामाच्या सगळ्या कॅसेटींवर मोठ्या डोळ्यांचं घुबड. मास्तरच्या कॅसेटी त्याच्या काकाने बाहेरून आणलेल्या, त्यांच्यावर तीन पात्यांचा पंखा. झालं, दोन पक्ष तयार. चष्मेवालीकडे गेमच नव्हता म्हणून ती पंच.

"पंखावाल्यांची उडी म्हणजे उडी," मास्तर सुरू करतो. "एकदा मारली की मारली. हवेत गेल्यावर विचार बदलायचा नाही. आधी बघ, मग बटण दाब."

"म्हणजे उडी मारायला आधी अर्ज करायचा," मामा म्हणतो.

"शिस्त लागते हाताला."

"तुझ्या त्या वाड्याच्या गेममधल्या पायऱ्यांवर मी दहावीचा अभ्यास बुडवला. शिस्त तेवढीच लागली."

"आणि तुझ्या घुबडाच्या गेम मांडीवर घेऊन भरवतात. तुझा माणूस कडा सोडून पुढे गेला तरी पडत नाही. हे काय? गुरुत्वाकर्षण रजेवर आहे का?"

इथे मामा रिमोट खाली ठेवतो, कारण हा त्याचा आवडता मुद्दा. घुबडाच्या गेममध्ये तो छोटा माणूस कड्याच्या पुढे गेला, पाय सुटला, तरी पडायच्या आधी एक निसटता क्षण असतो. त्या क्षणात बटण दाबलं तर उडी लागते. दिसत काहीच नाही, फक्त हाताला कळतं. मामा त्याला माफी म्हणतो. शब्द त्याच्या कामातला आहे. टाळूच्या मधला भाग कडक असतो, तिथे कवळी दाबली तर माणूस हैराण होतो. म्हणून साच्यावर तेवढ्या जागी मामा एक पातळसा पत्रा चिकटवतो, म्हणजे कवळी तिथे टेकतच नाही. तो म्हणतो, इथे माफी ठेवली.

"चूक होणार हे ज्याने आधीच धरलंय, तो खरा कारागीर," मामा म्हणतो.

"चूक करू नये हे जो शिकवतो तो खरा," मास्तर म्हणतो.

"चहा गार झाला," चष्मेवाली म्हणते. तिचा निकाल एवढाच असतो.

मला आधी वाटायचं, काय ही मोठी माणसं, तेच तेच बोलतात. पण मी बघितलंय, आठवडाभर मामा जेवढं बोलतो त्याच्या दुप्पट तो त्या खोलीत बोलतो. सोमवारी डॉक्टरांचा फोन आला की "हो, हो, करतो, बरं." आणि रविवारी तोच माणूस पुढे सरकून, हातवारे करून, मास्तरला वाक्य पूर्ण करू देत नाही. मामी तर लग्नाआधी त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा तो अर्धा तास घुबडावर बोलला होता. मामी म्हणते, "मला वाटलं पक्षीप्रेमी आहेत."

तर चष्मेवालीने यंदा एक मेळावा ठरवला. वाचनालयाच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी, जुन्या गेमची आवड असलेल्या सगळ्यांसाठी. मुख्य कार्यक्रम, घुबड विरुद्ध पंखा, मामा आणि मास्तर समोरासमोर. पोस्टरसुद्धा लागलं. मामा बाहेरून शांतच, पण शर्टला इस्त्री दोनदा झाली आणि आरशासमोर तो "मित्रहो" म्हणून थांबला, मग "मंडळी" म्हणून थांबला, मग मी दिसल्यावर दात घासायला लागला.

मला काम दिलं चित्रांचं. पडद्यावर दाखवायला घुबडाचं मोठं स्वच्छ चित्र शोध. शुक्रवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर बसले. म्हटलं पाच मिनिटांचं काम. घुबड मिळेना. कंपन्यांच्या कुठल्याच यादीत नाही. मग गेमच्या फोटोवरून शोधलं, तर एका संग्राहकाच्या पानावर मामाचा सगळ्यात लाडका गेम सापडला, तो गुहेचा. तीच गुहा, तोच कंदीलवाला छोटा माणूस, तेच गाणं. फक्त सुरुवातीच्या चित्रात कोपऱ्यात घुबड नव्हतं. तीन पात्यांचा पंखा होता.

मी दुसरा शोधला. पंखा. तिसरा, पंखा. मग खाली कुणीतरी लिहिलेलं वाचलं की त्या काळी नकली कॅसेटी काढणारे मूळ कंपनीचं चित्र पुसून आपला शिक्का मारायचे. कुणाचा काय, कुणाचा काय. घुबड हा एक शिक्का होता. घुबडाने गेम कधी केलाच नाही. कंपनीच नव्हती.

माझ्या पोटात काही राहत नाही, मामा मला टकळीच म्हणतो, आणि हे तर राहणं शक्यच नव्हतं. रविवारी मामा भरल्या हॉलमध्ये उभा राहून नसलेल्या कंपनीची बाजू मांडणार आणि कुणीतरी उठून सांगणार, या कल्पनेनेच मला रडू यायला लागलं. लॅपटॉप तसाच उघडा हातात घेऊन मी लॅबमध्ये पळाले.

मामा मेणात पुढचे दात बसवत होता. मी सगळं एका दमात बोलले. तो ऐकत होता आणि हातातला दात सरळ करत होता. मग त्याने स्क्रीनकडे बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. गुहेचं चित्र, कोपऱ्यात पंखा.

"गाणं वाजव," तो म्हणाला.

वाजवलं. त्याने पूर्ण ऐकलं.

"तेच आहे."

"मामा, मी काय करू? चष्मेवाली ताईला सांगू का कार्यक्रम बदलायला?"

"चष्मेवालीला काही सांगू नको. मास्तरला तर नाहीच." दात मेणात दाबून त्याने बिजागरी मिटून बघितली. "म्हणजे तो जिंकला गं, टकळे."

"जिंकू दे की."

"जिंकला तर झालं ना. मग रविवारी येऊन करायचं काय?"

तेव्हा मला कळलं त्याला कशाची भीती वाटतेय. मी हॉलमधल्या लोकांचा विचार करत होते. तो मागच्या खोलीचा करत होता.

शनिवारी मला बघवत नव्हतं. त्याने टीव्ही लावला आणि गुलाबी मेणाचे चौकोन कापून एकेका कॅसेटच्या लेबलवर चिकटवले, घुबड झाकून टाकलं. मग एकेक गेम लावून फक्त कड्यावर जायचा, पाय सोडायचा, उडी मारायचा. बस. पुढे खेळायचाच नाही. उडी लागली की कॅसेट डावीकडे, नाही लागली की उजवीकडे. मामी चहा घेऊन आली, बघत उभी राहिली.

"काय चाललंय?"

"बघतोय कुणी केलंय ते."

"आणि कळतंय?"

"नाव नाही कळत. हात कळतो."

मामी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तुझ्या मामाच्या कवळ्या घालून लोक लग्नात मिरवतात, आणि म्हणतात डॉक्टरांनी काय सुंदर दात दिलेत. यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. घुबडाचं बघ कसं लागलंय."

संध्याकाळी त्याने जाहीर केलं की तो मेळाव्याला येणार नाही. घसा बसलाय. घसा इतका चांगला होता की हे वाक्य पहिल्यांदाच मामीला स्वयंपाकघरात नीट ऐकू गेलं.

रविवारी दुपारी मास्तर गाडी घेऊन दारात. शिकाऊची लाल पाटी लावलेली गाडी, तिला दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी मास्तरच्या. मामा गेली कित्येक वर्षं त्याच्याकडे गाडी शिकतोय आणि अजून परीक्षेला बसलेला नाही. मास्तर म्हणतो, हा माझा कायमस्वरूपी विद्यार्थी.

"घसा बसलाय म्हणे," मास्तर दारातून म्हणाला. "हात बसलेत का? चल, चालव. हॉलपर्यंत सोड मला, मग घरी ये परत."

"एकटा कसा येऊ परत? मला येत नाही."

"मग थांब तिथेच."

मामा इस्त्रीच्या शर्टात गाडीत बसला, मास्तर शेजारी, मी मागे, कॅसेटींचं खोकं मांडीवर. मी तोंडावर हात ठेवून बसले होते, खरंच, कारण माझा भरवसा नाही.

"इंडिकेटर," मास्तर म्हणाला. "तू वळणार आहेस हे मागच्याला स्वप्नात दिसणार का?"

मामाने इंडिकेटर दिला. वळला. रस्ता मोकळा होता, दुपारची बंद दुकानं, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता. मामा समोर बघत म्हणाला, "घुबड नव्हतं रे."

"काय?"

"घुबड नावाची कंपनी नव्हती. शिक्का होता, नकलीवाल्यांचा. माझ्या सगळ्या गेम तुझ्या पंख्याच्या आहेत."

गाडी थांबली. ब्रेक मामाने लावला नव्हता.

मागून एक सायकलवाला आम्हाला वळसा घालून, आत वाकून बघून गेला. मास्तर पुढच्या काचेतून बघत होता, दोन्ही हात मांडीवर. मला वाटलं आता हा हसणार. मी मनातल्या मनात त्याला काय काय बोलायचं ते ठरवूनसुद्धा टाकलं.

"सगळ्या?" तो म्हणाला.

"टकळीने शोधल्या तेवढ्या सगळ्या."

"गुहेची पण?"

"गुहेची पण."

"मग मी इतकी वर्षं कुणाशी भांडत होतो?"

"माझ्याशी," मामा म्हणाला.

मास्तरने मान हलवली, पण पाय ब्रेकवरून काढला नाही. मग म्हणाला, "तू मला जिंकवलंस आणि मला काहीच वाटत नाहीये बघ. असं कसं?" त्याचा चेहरा इतका पडला होता की मलाच त्याची दया आली. "आता पुढच्या रविवारी मी येऊन काय बोलू? पंखा चांगला आहे. तू म्हणणार, हो. मग?"

"मग चहा," मामा म्हणाला.

माझ्या मांडीवर खोकं, त्यात डावीकडच्या आणि उजवीकडच्या कॅसेटींच्या मध्ये मामाने पुठ्ठा घातलेला.

"पण एक आहे," मामा हळूच म्हणाला. "काल मी सगळ्या लावून बघितल्या. पंख्याच्या आहेत, पण सगळ्यांत माफी नाही. गुहेत आहे, बोटीच्या गेममध्ये आहे, त्या बेडकाच्या गेममध्ये आहे. बाकीच्या तुझ्यासारख्या. कड सुटली की गेलास."

मास्तर वळला. "एकाच कंपनीत?"

"एकाच."

"म्हणजे आत दोन माणसं होती."

"मला तसंच वाटतंय. हात वेगळे आहेत."

"एक कडक."

"आणि एक माफीवाला."

मास्तर सीटवर सरळ झाला. मी आरशात बघत होते, त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. "म्हणजे एकाच कारखान्यात बसून, शेजारीशेजारी टेबलं लावून, ते दोघं हेच भांडत असणार," तो म्हणाला. "आणि बरोबर माझा असणार."

"तुझ्या माणसाला स्वतःची पायरी तरी एका दमात चढता आली असेल का, शंका आहे."

"तुझा लाडावलेला. आईने दूध फुंकून दिलं असेल."

"मास्तर," मामा म्हणाला, "तुझा पाय कुठाय?"

मास्तरने खाली बघितलं. पाय अजून ब्रेकवर.

"मला कधी काही होऊ नये म्हणून तू हा दुसरा ब्रेक लावून घेतलायस," मामा म्हणाला. "आणि गेममध्ये म्हणे माफी नको."

"हा कायद्याने लागतो," मास्तर म्हणाला, आणि पाय काढला. "चल, गाडी काढ. आणि इंडिकेटर."

हॉलमध्ये खुर्च्या जवळजवळ भरल्या होत्या. मामाने माइक हातात घेतला, मित्रहोही म्हणाला नाही, मंडळीही नाही. सरळ सांगितलं, घुबड नव्हतं, मी इतकी वर्षं एका शिक्क्याची बाजू घेऊन भांडलो. आवाज हळूच होता, पण हॉल इतका शांत झाला की चष्मेवालीने पंखे बंद करायला उचललेला हात तसाच खाली घेतला.

मग मागच्या रांगेत एक गृहस्थ उठले, हातावर रंगाचे डाग, घरं रंगवण्याचं काम करतात असं नंतर कळलं. त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढली. "ही गुहेचीच आहे ना? आमच्यावर कोंबडा आहे."

"कोंबडा?"

"आम्ही कोंबडा पार्टी. माझा भाऊ आणि मी. आम्हाला वाटायचं जगात कोंबड्यासारखं कुणी नाही."

एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे जहाज होतं. कुणाकडे छत्री. अर्धी माणसं आपापल्या कॅसेटी उलट्यासुलट्या करून बघायला लागली, शेजाऱ्याची आपल्याशी लावून बघायला लागली, आणि हॉलमध्ये एक अशी कुजबुज पसरली जसं काही सगळ्यांना एकदम कळलंय की आपण एकाच गावचे. मामाने कोंबड्याची कॅसेट लावली. कडेपर्यंत गेला, पाय सोडला, बटण दाबलं. कंदीलवाला छोटा माणूस हवेतून वर गेला आणि पलीकडे उतरला.

"लागली," मामा रंगाऱ्यांना म्हणाला. "तुमचा कोंबडा माफीवाला आहे."

रंगारी पुढे येऊन स्वतः करून बघायला लागले. पहिल्यांदा पडले, दुसऱ्यांदा लागली. "अरे, हे आम्हाला माहीत होतं," ते म्हणाले, "फक्त याला काय म्हणायचं ते माहीत नव्हतं."

तेवढ्यात मास्तरने दुसरा माइक घेतला आणि सांगितलं की हा प्रकार म्हणजे खेळाडूला बिघडवणं आहे, आणि पंख्यातला दुसरा माणूस, जो कडक होता, तोच खरा. पुढे जे सुरू झालं ते चष्मेवालीने हॉलची वेळ संपली म्हणून दिवे बंद केले तेव्हा थांबलं. निकाल तिने दिलाच नाही. चहासुद्धा गार व्हायच्या आधी संपला होता.

आता रविवारी मागच्या खोलीत सगळ्या कॅसेटींवर गुलाबी मेणाचे चौकोन असतात, मास्तरच्यासुद्धा. रंगारीही येतात. कॅसेट लावायची, सुरुवातीचं चित्र जाईपर्यंत टीव्हीवर चष्मेवालीचा रुमाल टाकायचा, मग कडेवर जाऊन पाय सोडायचा आणि सांगायचं, हात कुणाचा. कालच मी कॉलेजची फाइल शोधत आत गेले तर मामाचं बोट बटणावर होतं आणि बाकीचे तिघं टीव्हीकडे डोळे लावून बसले होते.

"लागली का, घुबडा?" मास्तरने विचारलं.

"लागली."

"मग तुझी."

"तुझ्याच खोक्यातली आहे ही," मामा म्हणाला, आणि पुढे सरकून बसला.